विश्वासरावांचा मृत्यू आणि पेशवाईचा वारसाक्रम : बखरकथनाच्या संदर्भात एक विचार

कोणावर विसंबावे असे कोणी म्हटले की ‘विश्वास तर पानिपतावरच गेला’, असे मराठी माणूस सहज म्हणून जातो. या उक्तीतील श्लेष पहिल्या ऐकण्यातच कळतो, पण त्यामागील इतिहासदृष्टी तपासण्याजोगी आहे. नानासाहेब पेशव्यांचे ज्येष्ठ पुत्र विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी गोळी लागून पडले आणि त्यांच्याबरोबर पेशवाईचे भवितव्यही पडले, अशी ही दृष्टी आहे. ती मुख्यत्वे बखरींनी घडविली आणि पुढे कादंबरी-नाटकांनी पोसली. वारस गेला म्हणून वारसाक्रम बिघडला, हे विधान कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम वयांचा हिशेब पाहावा. विश्वासरावांचा जन्म १७४२ चा. त्यांच्या मागे पेशवाईची वस्त्रे ज्यांना मिळाली त्या माधवरावांचा १७४५ चा. अंतर जेमतेम तीन वर्षांचे. नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर निवर्तले आणि २० जुलै रोजी सोळा वर्षांच्या माधवरावांना साताऱ्यास वस्त्रे मिळाली. विश्वासराव हयात असते तर ती एकोणिशीच्या सुमारास त्यांना मिळाली असती. पहिले बाजीराव १७२० मध्ये आणि स्वतः नानासाहेब १७४० मध्ये पेशवे झाले तेव्हा दोघेही एकोणीस वर्षांचेच होते. म्हणजे तरुण पेशवा ही या घराण्याला नवलाची गोष्ट नव्हती. पेशवेपद हे छत्रपतींनी द्यावयाचे पद; ते एका घराण्यात स्थिरावले ते व्यवहाराने. अशा पदाच्या संक्रमणाला वारसाच्या जन्मक्रमाइतकाच आधार लागतो तो घरातील एखाद्या कर्त्या, निःस्वार्थी पुरुषाचा. बाजीरावांना चिमाजीअप्पा लाभले, नानासाहेबांच्या पहिल्या महिन्यांतही तेच पाठीशी होते. चिमाजीअप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ यांनी पुढे हेच स्थान सांभाळले.

पानिपतावर गेले ते हे दोघे, वारस आणि कारभारी. पराभवाची वार्ता नानासाहेबांना सावकारी भाषेतील ज्या चिठ्ठीने कळली असे परंपरा सांगते, तिच्यात मोती, मोहरा आणि रुपये अशी नुकसानीची प्रतवारी आहे. लक्षात घेण्याजोगे हे की त्यात मोती दोन आहेत. भाऊ आणि विश्वासराव यांच्या मोलात त्या चिठ्ठीने फरक केलेला नाही. लोकोक्तीने मात्र एकच मोती लक्षात ठेवला!

बखरींचे कथन या बाबतीत अधिक गुंतागुंतीचे आहे. कृष्णाजी शामराव याच्या नावावर सांगितली जाणारी ‘भाऊसाहेबांची बखर’ नावापासूनच भाऊकेंद्री आहे. तरीही तिच्या कथनाचा कळस विश्वासराव पडण्याच्या क्षणाशी बांधलेला आहे. राजपुत्र पडला, भाऊंनी हत्ती सोडून घोडा घेतला, रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर खचला, अशी ही साखळी. विश्वासरावाशिवाय पुण्यास कोणते तोंड दाखवावे, हा भाऊंच्या मनाचा कोंडमारा बखरीच्या करुणरसाचा गाभा होतो. येथे कर्त्या पुरुषाचा मृत्यू वारसाच्या मृत्यूचा परिणाम म्हणून रचला गेला आहे. रघुनाथ यादवाची ‘पाणिपतची बखर’ तर गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेल्याचे मानले जाते. पुत्र गमावलेली माता हीच जिची पहिली श्रोती, त्या कथनाने कोणाभोवती शोक गुंफावा, हे वेगळे सांगावयास नको. या दोन बखरी एकत्र शिकविताना कथनहेतूतील हा भेद सहसा दुर्लक्षिला जातो.

प्रत्यक्षात पोकळी निर्माण झाली ती भाऊंच्या जागेची, आणि ती रघुनाथरावांनी भरली. पुतण्याला आधार देणारा काका जाऊन पुतण्याच्या पदावर डोळा असणारा काका उरला. १७६२ मध्ये आळेगाव येथे माधवरावांना काकांपुढे नमते घ्यावे लागले. १७६८ मध्ये धोडप येथे त्यांनी काकांचा पाडाव केला. विश्वासरावांनाही हाच काका वाट्याला आला असता. माधवरावांनी तो प्रश्न स्वतःच्या कर्तृत्वाने आवरला, पण १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे ते निपुत्रिक वारले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. हा वारसातंटा उंबरठ्याबाहेरही पडला. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेली वसई साष्टीसह देऊ करून रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरतेचा तह केला. त्यातून पेटलेले युद्ध १७८० मध्ये कल्याणपर्यंत आले, आणि भिवंडी तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

तुलनेसाठी होळकरांचे उदाहरण घ्यावे. मल्हाररावांचे एकुलते पुत्र खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६६ मध्ये मल्हारराव आणि १७६७ मध्ये नातू मालेराव गेले. वारसांची साखळी येथे पेशव्यांपेक्षा अधिक पूर्णपणे तुटली होती. तरीही दौलत तुटली नाही. अहिल्याबाईंचा कारभार आणि तुकोजींची फौज यांनी ती सावरली. वारस नसूनही कारभारी असला म्हणजे काय होते, याचा हा दाखला बखरवाङ्मयाच्या अभ्यासकांनी पानिपताशेजारी ठेवून वाचावयास हवा.

आधुनिक कादंबरीत हा तोल काहीसा पालटला. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’त (१९६२) विश्वासराव केवळ स्मृतिरूपाने उरतात, त्यांच्या अभावातून माधवरावांचे एकाकीपण आकार घेते. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) भाऊंच्या नेतृत्वाला पुन्हा मध्यवर्ती स्थान देते.

एक गोष्ट मात्र बखरी आणि कादंबऱ्या या दोहोंच्या बाहेर घडली. विश्वासरावांचे शव शत्रूच्या छावणीत नेलेले अनेकांनी पाहिले होते. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने त्याची हकीकत नोंदविली आहे. भाऊंच्या शवाविषयी मात्र संशय राहिला. म्हणूनच पुढे जो तोतया उभा राहिला तो विश्वासरावांचा नव्हे, भाऊंचा. पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, त्याला मृत्युदंड देईपर्यंत पुणे दरबाराला स्वस्थता मिळाली नाही. न. चिं. केळकरांना ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहावेसे वाटले ते याच प्रकरणावर. लोकांनी ज्याच्या परतण्याची वाट पाहिली, तो वारस नव्हता.