आधी ओळ, मग ढोल

बाळा, सूर लिहून वाजवायचा ट्रॅकर घेतलास, फार बरं झालं. गणपतीत रोह्याच्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या शेजारी तो मांडायचा बेत आहे, हेही पेणपर्यंत आलं. तेव्हा मामाचा कानमंत्र न मागता मिळणार, हे धरून चाल.

यंत्राला बिचकू नकोस. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन माणसाने अमिगा संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर लिहिला, तेव्हापासूनची रीत अजून चालू आहे. सूर वरून खाली उतरतात. उभा रकाना म्हणजे ट्रॅक, आडवी ओळ म्हणजे वेळ, आणि प्रत्येक घरात कोणता सूर, कोणतं सॅम्पल, काय करामत, हे अक्षरा-आकड्यांत लिहायचं. अमिगावर असे ४ ट्रॅक मिळायचे. २०२० साली पोलंडहून आलेल्या या तुझ्या पॉलिएंड ट्रॅकरवर ८ मिळतात.

आणि कोणी म्हणालंच की असली यंत्रं आपल्या गाण्याला चालत नाहीत, तर त्याला चरणजित सिंग यांचं नाव सांग. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ साली रोलँडचे टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ एकमेकांना जोडून दहा रागांची आख्खी तबकडी केली. त्या टीबी-३०३ मध्ये सूर वेगळे भरायचे आणि त्यांची लांबी वेगळी भरायची. तुला दोन्ही एका नजरेत दिसतं, तेव्हा कुरकुर नको.

कुठलं बटण काय करतं हे पुस्तिकेत आहे. मला सांगायचंय ते इतकंच, की घरी सगळं असं घटवून ठेव की मिरवणुकीत तुझे डोळे पडद्यावर न राहता माणसांवर राहतील.

१. ठेका आधी तोंडाने म्हण, मग टाळी देऊन म्हण, मग ओळींत भर – तोंडात न बसलेला ठेका यंत्रात बसवायला संध्याकाळ जाते आणि तरी तो परकाच वाटतो.

२. पॅटर्न, म्हणजे ओळींचा एक पट्टा, उघडल्याबरोबर त्याची लांबी तालाला जुळवून घे. मात्रेला ४ ओळी धर: तीनतालाच्या १६ मात्रांना ६४, केरव्याच्या ८ ला ३२, दादऱ्याच्या ६ ला २४, रूपकाच्या ७ ला २८, झपतालाच्या १० ला ४० – ६४ ओळींत कोंबलेला दादरा तिसऱ्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेनंतर तुटतो, आणि नाचणाऱ्यांचे पाय हवेत राहतात. कितीतरी कोळीगीतं सहाच्या झोकावर चालतात, म्हणजे हे तुला पहिल्याच आठवड्यात लागणार.

३. एखाद्या दोस्ताकडे डर्टीवेव्हचा एम-८ हा ट्रॅकर असला तर तिथली मोजणी सोळाची: ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ. त्याच्या १६ ओळींच्या फ्रेजमध्ये मात्रेला एक ओळ धरून तीनताल लिहिलास तर सम ० वर, टाळी ४ वर, खाली ८ वर आणि पुढची टाळी सी वर येते – एवढं पाठ असलं की परक्या यंत्रावरही खाली सापडते.

४. ढोलकीची धूम आणि चाट यांना दोन वेगळे ट्रॅक दे – एका ट्रॅकवर एका वेळी एकच आवाज राहतो, पुढचा बोल आला की आधीच्याचा घुमारा कापला जातो, आणि घुमारा गेल्यावर ढोलकीत उरतं काय?

५. झांजेचं नेमकं उलट. खुली झांज आणि दाबलेली झांज मुद्दाम एकाच ट्रॅकवर ठेव – दाबलेलीचा ठोका आला की खुलीचा नाद आपोआप तुटतो, आणि कान त्यालाच खरी झांज समजतो.

६. सगळे बोल एकाच जोराने लिहू नकोस. सम भरभक्कम ठेव, मधले बोल निम्म्यावर आण, एखादा तर ऐकू येईल न येईल असा. आणि ओळीच्या आत सूर किंचित पुढेमागे सरकवायची सोय असते, ती एक-दोन ठिकाणीच वापर – सगळीकडे सरकवलंस तर लय राहत नाही, कुठेच सरकवलं नाहीस तर माणूस राहत नाही.

या सहाव्यावर मी जरा थांबतो, कारण सगळी तरुण मंडळी इथेच घाई करतात. पेणच्या कारखान्यात साच्यातून निघालेली मूर्ती अंगाने पुरी असते. पण आखणी होऊन डोळे उघडेपर्यंत कोणी तिच्यासमोर हात जोडत नाही. ठेक्याची आखणी म्हणजे हा जोर आणि ही किंचितशी सरक. त्यासाठी वेगळी संध्याकाळ काढ. ओळी भरल्या त्याच रात्री हे करू नकोस, कान दमलेले असतात.

७. आठही ट्रॅक भरलेच पाहिजेत असं कोणी सांगितलंय? दोन मोकळे ठेव – ऐन वेळी गाणारी ताई म्हणते, ‘इथे जरा सनई हवी होती,’ तेव्हा जागा लागते. भरल्या घरात पाहुण्याला ओटा, रिकाम्या ट्रॅकात सुराला पाट.

८. ऑक्टोपॅडवाला जे हाताने वाजवतो ते यंत्रात भरू नकोस – एकसारखे दोन ठोके एकमेकांवर आदळून चिखल होतो, आणि त्याच्या मनावर पाय पडतो तो वेगळाच. त्याला आधी विचार, ‘दादा, तुमच्याकडे काय ठेवू?’ मग उरलेलं यंत्राला दे.

९. आवाज विकत घेण्याआधी घराबाहेर पड. मूर्तीवर फिरणारा पॉलिश पेपर, पोह्यांची गिरण, पापड मोडल्याचा कडकडाट, रोहा स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा – बाजारातला ठोका जगात सगळ्यांकडे आहे, हे तुझ्याशिवाय कोणाकडे नाही. पॉलिश पेपर चार ओळींआड ठेवून बघ, कसला गोड शेकर होतो.

१०. खालूबाजावाल्यांची सनई किंवा ढोल टिपायचा असेल तर आधी विचार, कशासाठी हवा ते सांग, वाजवून झाल्यावर पैसे हातात दे आणि तयार झालेलं त्यांना ऐकव – ती फुंक आणि तो हात त्यांच्या आयुष्यभराचा आहे, आपण फक्त माइक धरला. यात कंजूषपणा केलेला मला चालणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

११. सिनेमाच्या गाण्याचा तुकडा उचलून लावू नकोस – तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो, आणि तुझं काय ते मग कोणाला कळतच नाही.

१२. ढोल, झांज, सनई सगळं मोनोमध्ये टीप – ४४,१०० च्या वेगाने १६ बिटचा एक सेकंद मोनोत ८८,२०० बाइट घेतो, स्टिरिओत त्याच्या दुप्पट. आणि मिरवणुकीच्या टेम्पोवर डावं-उजवं ऐकायला कोण थांबतंय?

१३. सॅम्पलच्या तोंडाशी असलेली शांतता अगदी काठापर्यंत काप – तेवढ्याशा उशिरानेही ठोका मागे पडतो आणि मग वेड्यासारखे आपण गाण्याचा टेम्पो बदलत बसतो. शेपूट मात्र हळूच विरव, एकदम तोडलीस तर टिकटिक येते.

१४. सनई टिपलीस की ती काळी एकची की पांढरी चारची हे हार्मोनियमवर ताडून बघ आणि सॅम्पलच्या नावातच लिहून टाक. एकच सूर सगळीकडे ताणू नकोस. दर तीन-चार सुरांमागे एक नवा टीप – फार वर चढवलेली सनई चिरकते, आखूड होते, आणि वाजवणाऱ्याने ऐकली तर त्याला वाईट वाटेल.

१५. मींड हवी असेल तर सूर तोडून नवा लिहू नकोस, घसरणीची आज्ञा दे. चरणजित सिंगांच्या तबकडीत टीबी-३०३ ची घसरण लक्ष देऊन ऐक – सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी कसा चालत गेला, तिथेच तर राग राहतो.

१६. पेण ते रोहा गाडीत हेडफोन लावून चाली खुशाल जुळव, कासू-नागोठण्याच्या दरम्यान एखादा पॅटर्न सहज होतो. पण आवाजाच्या पातळ्या तिथे ठरवू नकोस – गाडीच्या खडखडाटात खालचे सूर झाकले जातात, म्हणून बास वाढवला जातो, आणि घरी आल्यावर भिंती थरथरतात.

१७. बदल आवडला की तिथल्या तिथे सेव्ह कर. यंत्र आपोआप जपत असलं तरी तुझा हात जाऊ दे – पावसाळ्यात आपल्याकडे वीज सांगून जात नाही. सेव्ह केलं ते आपलं, राहिलं ते विजेचं.

१८. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘एकदम नवीन’ अशी नावं बंद कर. गाणं, ताल, टेम्पो आणि तारीख एवढं नावात घाल – हजार माणसं समोर उभी असताना यातलं नेमकं नवीन कोणतं, हे तुलाही आठवणार नाही.

१९. मेमरी कार्ड दोन ठेव आणि दुसरं घरच्या कोणाकडे तरी दे, आपल्या त्याच पिशवीत नको – पिशवी विसरली तर दोन्ही एकदम जातात. आणि महिन्यातून एकदा त्या दुसऱ्या कार्डावरून खरंच वाजवून बघ.

२०. यंत्राचं नवं सॉफ्टवेअर आलं तरी गणपतीआधीच्या पंधरवड्यात घालायचं नाही, दिवाळीनंतर बघू – नव्यात काय सुधारलं ते कंपनी सांगते, तुझं कोणतं गाणं बिघडलं ते टेम्पोवर कळतं.

२१. दुसरं यंत्र मिडीने जोडलंस तर तालाचा मालक एकच ठेव, दुसऱ्याला त्याच्या मागे चालायला सांग – मिडी क्लॉक चौथाईच्या एका ठोक्याला २४ टिचक्या पाठवतो. दोघेही पाठवायला लागले की कोणाचंच कोणी ऐकत नाही.

वायरींचं मात्र नीट ऐक, बाळा. मिरवणुकीत यंत्रापेक्षा वायर जास्त दगा देते, आणि साउंडवाले भाऊ बिचारे बारा ठिकाणी धावत असतात, ते तुझी एक वायर शोधत बसणार नाहीत. ज्याची वायर त्याची मिरवणूक.

२२. ट्रॅकरचा छोटा जॅक स्टिरिओ असतो. तो साध्या वायरने मिक्सरच्या एकाच मोठ्या घरात घालू नकोस. एका टोकाला छोटा स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन मोठे मोनो जॅक अशी वायर घे – मिक्सरचं बॅलन्स्ड घर डाव्या-उजव्यातला फरक तेवढाच उचलतं, म्हणून मधोमध ठेवलेला ढोल आणि बास जवळजवळ नाहीसा होतो, आणि सगळे म्हणतात यंत्रच बेकार.

२३. याच दोन जॅकांचा आणखी एक उपयोग: सगळं संगीत उजवीकडे ढकल, डावीकडे नुसती मात्रेची टिकटिक ठेव, आणि ती बाजू ऑक्टोपॅडवाल्याच्या हेडफोनला दे – यंत्र माणसासाठी थांबत नाही, तेव्हा माणसाला यंत्र ऐकू येईल एवढं करणं आपल्याकडे आहे.

२४. जनरेटरवर ट्रॅकर लावू नकोस, पॉवर बँकेवर चालव. ५ व्होल्टवर चालणारं यंत्र आहे – जनरेटर गचका खातो, दिवे क्षणभर मंदावतात, आणि तेवढ्यात यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. फक्त घरी दोन तास लावून बघ. ओढ कमी असली की काही पॉवर बँका स्वतःहून झोपतात.

२५. टेम्पोवर यंत्राला पारदर्शक प्लास्टिक घाल, खालून हवा खेळती ठेव, आणि गुलाल उधळणाऱ्या पोरांना आधीच हात जोडून सांग – पाणी एकवेळ पुसता येतं, गुलाल बटणाखाली गेला की बटण मरेपर्यंत कुरकुरतं. घरी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव, आणि श्रावणात अधूनमधून वाळव.

२६. गाण्यांचा क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राशेजारी चिकटव, प्रत्येकापुढे टेम्पो लिही – पडद्यावर ऊन पडलं की काही दिसत नाही.

२७. वाजवताना दर आवर्तनाला एकदा मान वर कर. पुढच्या रांगेतल्या बायका दमल्यात का, मूर्ती वळणावर आली का, एखादं तान्हं बाळ स्पीकरजवळ आणलंय का ते बघ – हे कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं. वळणावर घ्यायला चार ओळींचा एक साधा पॅटर्न वेगळा ठेव, तो कितीही वेळ फिरवता येतो.

२८. रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघून पोलिसांची सलामी होते, त्या वेळी आसपास कुठे तुमचा टेम्पो उभा असेल तर आवाज शून्यावर आण, नुसता कमी नको – त्या क्षणाचा आवाज त्यांचा आहे.

२९. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद हा नियम आहे. सरकार काही ठरावीक दिवसांनाच १२ पर्यंत सूट देतं. म्हणून १० ला संपणारं शेवटचं गाणं आधीच ठरव आणि त्याला शेवटचा पॅटर्न नीट लिही, आवाज हळूहळू उतरवत नेणारा – मध्येच प्लग काढून संपवलेलं गाणं लोक वर्षभर बोलून दाखवतात. आणि तू मला ऐकवलास तो दादऱ्याचा कोळी ठेका ओळी मोजून झाल्या की कार्डावर घालून पेणला पाठव; त्यातली झांज मला जरा जास्त मोठी वाटते आहे.