पेटी: भाड्याने की विकत?

दरवर्षी गॅदरिंग झालं की हॉस्टेलमधल्या चार-पाच जणांना पेटी शिकायची हुक्की येते. मग प्रश्न तोच, विकत घ्यायची की भाड्याने? घरून येणाऱ्या पैशांत मेस, झेरॉक्स आणि एस.टी.चं तिकीट बसवायचं असतं, त्यामुळे हा प्रश्न गाण्याचा कमी आणि हिशोबाचा जास्त!

बहुतेक जण पेटीची किंमत आणि भाडं समोरासमोर ठेवतात. मला ही तुलनाच पटत नाही. विकत घेतलेली पेटी पुन्हा विकता येते. आपल्या इकॉनॉमिक्सच्या पेपरात जिला सॅल्व्हेज व्हॅल्यू म्हणतात तीच ही. म्हणजे खरा खर्च = घेतानाची किंमत वजा विकतानाची किंमत, अधिक दुरुस्ती.

समजा, नवी पेटी १८,००० ला घेतली, दोन वर्षांनी १०,००० ला गेली आणि मधे ट्यूनिंगला १,५०० लागले. खर्च ९,५००. भाडं महिना ७०० धरलं तर हे साडेतेरा महिन्यांचं भाडं झालं. आता जुनी पेटी ९,००० ला घेऊन ७,००० ला विकली, ट्यूनिंग तेवढंच. खर्च ३,५००, म्हणजे पाचच महिन्यांचं भाडं. (आकडे सोयीचे घेतलेत, तुम्ही आपल्या गावचे घाला.)

पाच महिने म्हणजे जवळजवळ एक सेमिस्टर. पण सबमिशन, ओरल्स, पी.एल. यांत पेटी धूळ खाते आणि भाडं चालूच राहतं. महिन्यात वीस तास वाजवलं तर तासाला ३५ रुपये पडतात, चारच तास वाजवलं तर १७५! म्हणून पहिलं सेमिस्टर भाड्याने घ्यावी, सुट्टी लागली की परत करावी आणि रियाझाचे तास वहीत लिहावेत. परीक्षेच्या महिन्यातसुद्धा हात पेटीकडे गेला असेल, तर खुशाल जुनी शोधा. नवीच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. डिपॉझिट परत मिळतं म्हणून ते खर्चात धरायचं नाही, पण देताना एकरकमी द्यावं लागतं. पेटीवरचे ओरखडे, तुटकी पट्टी वगैरे पावतीवर आधीच लिहून घ्या, नाहीतर ते डिपॉझिटमधून कापलं जाईल.

जुनी पेटी बघताना एकही पट्टी न दाबता भाता भरून सोडा. लगेच रिकामा झाला, तर हवा गळतेय. मग एकेक सूर आधी हळू, मग जोरात वाजवा. खर्ज-नर जोडीची पेटी असेल तर एक पट्टी दाबून धरा आणि कान द्या. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधले बीट्स इथे भेटतात! खर्ज २२० हर्ट्झला आणि नर ४४० ऐवजी ४४२ ला असेल, तर आवाजात सेकंदाला दोनदा लाट येते. याला घाबरायचं कारण नाही. कारागीर रीड टोकाशी खरवडून सूर चढवतात, बुडाशी खरवडून उतरवतात. वाळवी लागलेलं लाकूड मात्र फुकट मिळालं तरी नको. जर्मन रीड्सची जुनी पेटी असेल तर मालक भाव सोडत नाही, पण तिला पुढे गिऱ्हाईकही मिळतं.

पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. तेव्हा बघायला गेलात, तर त्यावरून थोडी घासाघीस करायला हरकत नाही. क्लासमधल्या एखाद्या सीनियरला मात्र बरोबर न्या, कारण आपण ‘सारेगम’ वाजवून खूश होतो आणि तो वरच्या सप्तकातल्या मुक्या पट्ट्या शोधून काढतो.