एकवीस अंकांची संख्या

मुलांनो, बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्या घरात चार. याप्रमाणे दाणे दुप्पट करीत जायचे. पटावर ६४ घरे असतात. आणखी तीन घरे आहेत असे समजा. ६७ घरांतील सर्व दाण्यांची बेरीज किती होईल?

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

ही संख्या एकवीस अंकी आहे. २ हा अंक ६७ वेळा घेऊन गुणाकार करावा व त्यातून १ वजा करावा, म्हणजे हीच संख्या मिळते.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात, तिला मूळ संख्या म्हणतात. आपली संख्या मूळ आहे काय? तिच्या एकक स्थानी ७ आहे; म्हणून तिला २ किंवा ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज १०९ येते. म्हणून ३ नेही भाग जात नाही. पण पुढे किती संख्यांनी भागून पाहणार?

फ्रान्समध्ये मर्सेन नावाचे विद्वान धर्मगुरू होऊन गेले. १६४४ साली त्यांनी ही संख्या मूळ आहे असे लिहिले. १८७६ साली फ्रान्सच्याच ल्युका या गणितज्ञांनी ते विधान खोडून काढले. ही संख्या मूळ नाही, हे त्यांनी सिद्ध केले. मात्र तिचे विभाजक त्यांना सापडले नाहीत.

या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला ६७ ने भागले, तर बाकी १ उरते. या नियमामुळे पुष्कळ संख्या आपोआप वगळता येतात. तरीही उरलेले काम अफाट होते. अमेरिकेतील प्राध्यापक कोल यांनी ते हाती घेतले.

१९०३ साली न्यूयॉर्कला गणितज्ञांची सभा भरली. असे सांगतात, की कोल एक शब्दही न बोलता फळ्याजवळ गेले. एका बाजूला त्यांनी ही एकवीस अंकी संख्या काढून दाखवली. दुसऱ्या बाजूला त्यांनी मांडले :

१९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७

त्यांनी गुणाकार पूर्ण केला. दोन्ही उत्तरे एकच आली! कोल शांतपणे जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा गजर केला. या कामासाठी त्यांनी तीन वर्षांचे रविवार खर्च केले होते, असे म्हणतात.

आज संगणक हे विभाजक क्षणात शोधतो. पण कोल यांचे उत्तर तपासायला संगणकही लागत नाही. कागद, पेन्सिल आणि पाढे पुरेत. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून गणितातले विधान खरे ठरत नाही. ते लहान मुलालाही तपासता येते.

शब्दार्थ
विभाजक – ज्या संख्येने पूर्ण भाग जातो ती संख्या
खोडून काढणे – चूक आहे असे दाखवणे
अफाट – फार मोठे

स्वाध्याय
१. मर्सेन यांचे विधान कोणी व केव्हा खोडून काढले?
२. कोल यांनी सभेत काय केले?
३. १ + २ + ४ + ८ + १६ ही बेरीज करा. नंतर २ पाच वेळा घेऊन गुणाकार करा. दोन्ही उत्तरांत किती फरक आहे?
४. वाक्यात उपयोग करा : हाती घेणे, टाळ्यांचा गजर करणे.