वीजबिलातून गणित : छतावरच्या सोलरचं अनुदान समजून घेऊया



सध्या भिवंडीत ‘सोलर लावा, 78,000 रुपये मिळवा’ अशा जाहिराती जागोजागी दिसतात. पालकसभेतही हा विषय निघतोच. पाचवी-सहावीच्या मुलांना गुणाकार, वजाबाकी आणि तक्तावाचन शिकवायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. आणि मुलांनी मांडलेलं गणित घरातल्या मोठ्यांच्याही उपयोगी पडेल.

योजना काय आहे?

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना’ सुरू केली. एक कोटी घरांच्या छतांवर सोलर बसवणं हे उद्दिष्ट आहे आणि मुदत आर्थिक वर्ष 2026-27 पर्यंत आहे. घरगुती ग्राहकाला अनुदान असं मिळतं :

- 1 किलोवॅट : 30,000 रुपये
- 2 किलोवॅट : 60,000 रुपये
- 3 किलोवॅट : 78,000 रुपये
- 3 पेक्षा जास्त : तरीही 78,000 रुपयेच

मुलांना विचारा, तिसऱ्या किलोवॅटला किती मिळाले? 18,000. आणि चौथ्याला? शून्य! जाहिरातीत फक्त शेवटचा आकडा मोठा छापतात, ही पायरी दाखवत नाहीत.

आधी बिल, मग अनुदान

1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. दिवसाला सरासरी 4 युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे 120 युनिट वीज तयार होते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त.

समजा, एका घराचा वापर महिन्याला 200 युनिट आहे. 2 किलोवॅटमधून 240 युनिट मिळतात, म्हणजे तेवढं पुरतं. आता समजा, विक्रेत्याने 2 किलोवॅटचे 1,30,000 आणि 3 किलोवॅटचे 1,90,000 रुपये सांगितले. खिशातून किती जातील?

1,30,000 – 60,000 = 70,000
1,90,000 – 78,000 = 1,12,000

अनुदान 18,000 ने वाढलं, पण स्वतःचा खर्च 42,000 ने वाढला. जास्तीची वीज नेट मीटरमधून पुढच्या महिन्यांत वापरता येते. पण वर्षअखेर उरलेल्या युनिटला आपण बिलात भरतो तेवढा भाव मिळत नाही. म्हणून पॅनल किती घ्यायचे हे अनुदानावरून नको, बिलावरून ठरवा.

पैसे कधी मिळतात?

क्रम नीट लक्षात ठेवा. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर बिलावरच्या ग्राहक क्रमांकाने नोंदणी, नोंदणीकृत विक्रेत्याकडून भारतीय बनावटीचे पॅनल, मग नेट मीटर, तपासणी, आणि सर्वात शेवटी बँक खात्यात अनुदान. म्हणजे पूर्ण रक्कम आधी उभी करावी लागते. त्यासाठी बँकांचं विनातारण कर्जही मिळतं. ‘अनुदान मंजूर करून देतो, आधी रोख द्या’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा. अनुदान कुणाच्या हातात येत नाही, थेट अर्जदाराच्या खात्यात जमा होतं.

मग कारखान्याचं काय?

आपल्या गावात हा प्रश्न येणारच. वरचं अनुदान फक्त घरगुती जोडणीला आहे, यंत्रमागाला किंवा दुकानाला नाही. 1 एप्रिल 2017 रोजी आपल्या भिवंडीतच ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा शुभारंभ झाला होता. त्यात लहान यंत्रमागधारकांना सौरसंचासाठी सर्वसाधारण गटात 50, अनुसूचित जातींना 75 आणि अनुसूचित जमातींना 90 टक्के अनुदान होतं. ती तीन वर्षांची योजना होती. जुना कागद दाखवून आज कोणी हे टक्के सांगत असेल, तर आधी चौकशी करा.

आज व्यवसायाला मिळणारा मोठा फायदा आयकरातला आहे : सौरसंचावर वर्षाला 40 टक्के घसारा. पण तो नफा दाखवून कर भरणाऱ्यालाच उपयोगी. शिवाय यंत्रमागाला वीजदरात राज्याची सवलत आहे, म्हणून सोलरने होणारी बचत सवलतीच्या दरानेच मोजायला हवी.

आणि ज्यांना छतच नाही?

आपल्या वर्गातली कितीतरी मुलं चाळीत, भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांना हे घरगुती अनुदान मिळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. सोसायटी असेल तर लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये मिळू शकतात. म्हणून शिक्षकांना एक विनंती : ‘कोणाचं घर स्वतःचं आहे?’ असं वर्गात विचारू नका. नाव आणि ग्राहक क्रमांक झाकलेलं एकच नमुना बिल सगळ्यांना द्या.

घरी करायचा उपक्रम

1. मागच्या 12 महिन्यांचे युनिट लिहून सरासरी काढा.
2. सरासरीला 120 ने भागा. किती किलोवॅट लागतील?
3. त्याला किती अनुदान मिळेल?
4. महिन्याची बचत धरून स्वतःचा खर्च किती महिन्यांत वसूल होईल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी स्वतः काढलं, की पालकांनी कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी ते एकदा जरूर पाहावं.