एका अक्षराची चूक

एक मुलगी वर्षाची होते. ती रांगते, धरून उभी राहते, 'आई', 'बाबा' म्हणू लागते. हातात वाटी धरते. घरात आनंद असतो. मग हळूहळू काहीतरी बिघडू लागते. आलेले शब्द जातात. हातातली वाटी गळून पडते. मुलगी दोन्ही हात एकमेकांवर चोळत बसते. आपण साबण लावून हात धुतो ना, अगदी तसे. जागेपणी हे चोळणे थांबत नाही. पुढे चाल बिघडते, झटके येऊ लागतात.

अशा घरी लोक काय बोलतात, ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. कोणी म्हणते, नजर लागली. कोणी म्हणते, बाहेरची बाधा आहे. कोणी आईकडे बोट दाखवते, "हिनं पोटुशी असताना ग्रहण पाळलं नसेल." पोर आजारी, आणि दोष मात्र आईच्या माथी!

आज आम्ही तुम्हांला एका डॉक्टरबाईंची गोष्ट सांगणार आहो. या रोगाचे मूळ शोधण्यात त्यांची सोळा वर्षे गेली. गोष्ट परमुलखातली आहे. पण आईच्या डोळ्यांतले पाणी सगळ्या मुलखांत सारखेच.

बेरूतची हुदा

लेबनॉन हा पश्चिम आशियातला समुद्रकाठचा एक लहान देश. बेरूत ही त्याची राजधानी. तेथे १९५४ साली हुदाचा जन्म झाला. हुदाला पुस्तकांचे वेड. तिला साहित्य शिकायचे होते. पण आईने समजावले, स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल असे काही शिक. मुलीने ऐकले. १९७५ साली ती डॉक्टरीच्या कॉलेजात गेली.

त्याच साली देशात यादवी पेटली. भाऊ भावाच्या जिवावर उठला. शहरात गोळीबार सुरू झाला. ते पहिले वर्ष कसेबसे पार पडले. तशात हुदाचा धाकटा भाऊ बाँबच्या तुकड्याने जखमी झाला. आईवडिलांनी मुलांना अमेरिकेत बहिणीकडे पाठवले. उन्हाळा सरला की परत यायचे, असा बेत होता. पण लढाई काही थांबेना. ती १९९० पर्यंत चालली. परतीची वाट बंद झाली.

आता शिक्षणाचे काय? अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मेहारी नावाचे कॉलेज आहे. काळ्या लोकांना डॉक्टरी शिकता यावी म्हणून ते १८७६ साली निघाले. त्या कॉलेजाने या परक्या मुलीला जागा दिली. १९७९ साली हुदा डॉक्टर झाली. लग्नानंतर तिचे नाव हुदा झोग्बी झाले. पुढे टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरी बेलर कॉलेजात ती आधी मुलांचे रोग आणि मग मुलांच्या मेंदूचे रोग शिकली.

हात चोळणाऱ्या मुली

आता थोडे मागे जाऊ. १९५४ साली, म्हणजे हुदाच्या जन्माच्याच साली, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात आंद्रेआस रेट नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यात दोन आया आपापल्या मुली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दोन्ही मुली सारख्याच रीतीने हात चोळत होत्या. रेट यांनी ते हेरले. तशा आणखी मुली शोधल्या आणि १९६६ साली त्यांविषयी लिहिले. पण ते जर्मन भाषेत होते. फार थोड्यांनी वाचले. पाहा, ज्ञान लिहिलेले असले तरी वाचणारा मिळाला नाही तर ते पडून राहते!

१९८३ साली स्वीडनचे डॉक्टर हागबर्ग आणि त्यांचे सोबती यांनी अशा ३५ मुलींची हकिगत इंग्रजीत छापली. रोगाला 'रेट' हे नाव पडले. सुमारे दहा हजार मुलींत एकीला हा रोग होतो.

त्याच साली ह्यूस्टनच्या दवाखान्यात झोग्बीबाईंपुढे एक मुलगी आली. आधी चांगली वाढलेली, आणि आता शब्द गेलेले, हात चोळणारी. बाईंनी रोग ओळखला. थोड्याच दिवसांत दुसरी तशीच मुलगी आली. मग बाईंनी दवाखान्यातले जुने कागद चाळले. त्यांत आणखी मुली निघाल्या. त्यांच्या रोगाला तोवर दुसरीच नावे दिलेली होती.

रोगाला नाव मिळाले. पण आईने विचारले, "हे कशानं झालं? यावर औषध काय?" तर सांगायला काहीच नव्हते. बाईंना हे सोसवेना. त्यांनी ठरवले, आपण या रोगाचे मूळ शोधायचे. डॉक्टर झाल्यावर त्या पुन्हा विद्यार्थी बनल्या आणि प्रयोगशाळेत नवी विद्या शिकू लागल्या.

जीन म्हणजे काय?

ज्वारीच्या दाण्यातून ज्वारीच उगवते. कारण कसे वाढायचे, याचा हुकूम दाण्यातच लिहिलेला असतो. आपल्या शरीराचेही तसेच. शरीर बारीक बारीक पेशींचे बनले आहे. प्रत्येक पेशीत असे हुकूम असतात. एकेका हुकुमाला जीन म्हणतात.

मूल होते तेव्हा आईबापांच्या हुकुमांची नक्कल होते. नक्कल करताना कधी चूक राहते. आपण अक्षरे शिकलो आहो, म्हणून हे आपल्याला चटकन समजेल. 'दिन' म्हणजे दिवस. वेलांटी दीर्घ झाली की 'दीन' होते. दीन म्हणजे गरीब, बिचारा. एका वेलांटीने अर्थ फिरला!

झोग्बीबाई म्हणत, हा रोग अशाच चुकीने होत असावा. पुष्कळ जाणत्यांना ते पटेना. त्यांचे म्हणणे असे की, रोग जीनमधला असता तर एका घरात अनेकांना झाला असता. येथे तर घरात एकच मुलगी आजारी असते. ही शंका रास्त होती. पण काही थोड्या घरांत एकीहून अधिक जणी आजारी होत्या. बाईंनी त्या घरांचा माग धरला. इतर शास्त्रज्ञांनीही धरला. एकेक जीन तपासायचा आणि बाजूला ठेवायचा, असे काम वर्षानुवर्षे चालले.

मधल्या काळात बाई नुसत्या थांबून राहिल्या नाहीत. मोठ्या माणसांचा तोल घालवणारा, पिढ्यान्‌पिढ्या चालणारा एक रोग आहे. त्याचा जीन त्यांनी हॅरी ऑर यांच्या जोडीने १९९३ साली शोधून काढला.

अखेर १९९९ साली यश आले. बाईंच्या प्रयोगशाळेतल्या रूथी अमीर यांना आजारी मुलींच्या एका जीनमध्ये चूक सापडली. त्या जीनचे नाव मेकपी-दोन. निरोगी माणसांत ती चूक नव्हती.

मग घरात एकच मुलगी आजारी का? कारण ही चूक बहुधा आईबापांच्या शरीरात नसते. नक्कल होताना ती नव्यानेच घडते, आणि बहुतेक वेळा बापाकडून आलेल्या बीजात घडते. म्हणून बापाला दोष द्यायचा काय? मुळीच नाही. ही चूक कोणी करत नाही, ती घडते. नजर, ग्रहण, उपास, पाप यांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही.

मुकादम आणि मीठ

हा जीन काय काम करतो? शेतावर मजूर असतात आणि मुकादम असतो. कोणी केव्हा किती काम करायचे, ते मुकादम पाहतो. मेंदूच्या पेशींत मेकपी-दोन हा असा मुकादम आहे. तो नसला तर मजूर असूनही कामाचा घोळ होतो.

बाईंनी उंदरांवर प्रयोग करून आणखी एक गोष्ट दाखवली. हा मुकादम गरजेपेक्षा जास्त झाला तरी मेंदू बिघडतो. पुढे काही मुलग्यांत तसा रोग आढळलाही. भाजीत मीठ नसले तर ती घशाखाली उतरत नाही, आणि जास्त झाले तरी उतरत नाही. तसेच हे. म्हणून औषध शोधणाऱ्याला हात जपून ठेवावा लागतो.

२००७ साली स्कॉटलंडचे एड्रियन बर्ड यांनी एक आशेची गोष्ट दाखवली. त्यांनी उंदरांत हा जीन बंद ठेवला. उंदीर आजारी पडले. मग जीन पुन्हा चालू केला, तर ते सुधारले! म्हणजे मेंदूच्या पेशी मेलेल्या नव्हत्या. मुकादमाची वाट पाहत होत्या. २०२० साली बर्ड आणि झोग्बीबाई यांना मेंदूविषयक संशोधनाचा एक मोठा मान मिळून मिळाला.

२०२३ साली अमेरिकेत या रोगावरच्या पहिल्या औषधाला परवानगी मिळाली. त्याने काहींना थोडा आराम पडतो, पण रोग मुळातून जात नाही. खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. काम अजून चालू आहे.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट. आलेले बोलणे किंवा चालणे गेले, तर ते 'आपोआप येईल' म्हणून थांबू नका. अंगारे-धुपारे करत बसू नका. अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना तपासायला सरकारी पथक येते. त्याला दाखवा. जिल्ह्याच्या रुग्णालयात न्या. रोग कोणता, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

दुसरी गोष्ट. बोलत नाही म्हणजे समजत नाही, असे धरू नका. आम्ही मास्तर लोकही यात चुकलो आहो. रेट रोगाच्या कित्येक मुली डोळ्यांनी बोलतात. हवी ती वस्तू नजरेने दाखवतात. त्यांच्याशी बोलत राहावे. अपंग मुलांच्या शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने मान्य केला आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी, आणि तिला पैसाही लागत नाही. अशा घरी गेलात तर आईला बोल लावू नका. तिला सांगा, "बाई, यात तुझी चूक नाही." एवढे वाक्य खात्रीने बोलता यावे, म्हणून किती जणांनी आयुष्ये वेचली आहेत!

विचार करा आणि सांगा

१. व्हिएन्नाच्या डॉक्टरांचे लिखाण पुष्कळ वर्षे पडून का राहिले?
२. एका वेलांटीने अर्थ बदलतो, असे आणखी दोन शब्द लिहा.
३. घरात एकच मुलगी आजारी असली, तरी रोग जीनमधला कसा असू शकतो?
४. तुमच्या गावात अशा आईला लोक काय म्हणतात? तुम्ही काय म्हणाल?