मिरगाआधीची परांची

चि. भाच्यास,

बेळगुंदीच्या घरी मागच्या पडवीवर खोली चढवायची आणि गवंड्याच्या हाताखाली स्वतःच राबायचं, हा बेत उत्तम आहे. मिरग तोंडावर आला की राकसकोपच्या त्या पट्ट्यात जो तो घाईला येतो. भिंत, कौलं, गिलावा, सगळं पावसाआधी उरकायचं असतं. त्या घाईत सिमेंट आणायला कुणी विसरत नाही. परांचीचं मात्र शेवटी आठवतं. मग शेजाऱ्याचे चार बांबू, दोन रिकामी पिंपं, सेंट्रिंगच्या उरलेल्या फळ्या. झाली परांची तयार!

मोठ्या कामावर हे खपत नाही, निदान कागदावर तरी. बांधकाम कामगारांसाठीचा 1996 चा केंद्रीय कायदा 10 किंवा अधिक कामगारांच्या कामासाठी होता. 10 लाखांपर्यंतचं स्वतःच्या राहत्या घराचं काम त्यातून वगळलेलं होतं. म्हणजे पडवीवरच्या खोलीकडे तपासनीस फिरकायचा नाही. पडणाऱ्याला लागायचं तेवढं लागतंच.

परांची एकेरी असते किंवा दुहेरी. एकेरीत उभ्या वाशांची एकच रांग असते आणि आडव्या वाशांची दुसरी टोकं भिंतीत सोडलेल्या भोकांत टेकतात. वासे वाचतात, म्हणून सगळ्यांना तीच आवडते. पण मग माणसांचा, मालाचा निम्मा भार भिंतीवर येतो, आणि ती भिंत कालच रचलेली असते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला 27 एप्रिल 1978 रोजी वीजकेंद्राचा शीतक मनोरा बांधताना हेच नडलं. तिथली परांची जमिनीवर उभी नव्हती, मनोऱ्यालाच जखडलेली होती. आदल्या दिवशी ओतलेलं काँक्रीट पुरतं कडक झालं नव्हतं. ते तुटलं आणि परांचीसकट 51 कामगार खाली गेले. तिथे इंजिनिअरांची कमतरता नव्हती. तेव्हा नव्या भिंतीला दुहेरीच बांधायची, वासे थोडे जास्त लागले तरी.

दुसरी गोष्ट वजनाची. जांभ्याचा एक चिरा 25-30 किलोचा. गवंड्याला हाताशी हवेत म्हणून दहा चिरे फळीच्या मधोमध रचले की पाव टनाहून जास्त भार झाला, वर दोन माणसं. चिरे आडव्या वाशाजवळ आणि दोन-तीनच ठेवावेत. दीड इंची फळीला दर पाच फुटांच्या आत आधार हवा. तिचं टोक आधाराबाहेर दोन इंचांपेक्षा कमी असलं तर ती निसटते. अर्ध्या फुटापेक्षा जास्त असलं तर त्यावर पाय पडताच उलटते. गाठ आलेली, चिरलेली फळी चुलीत घालावी.

उभा वासा नुसत्या मातीवर टेकवू नये. वळवाची एक सर आली की तो रुततो, आणि चारांतला एकच रुतला तरी परांची तिरकी होते. खाली रुंद फळी द्यावी. विटांचे तुकडे रचून उंची साधू नये. तिरके वासे आणि जुन्या पक्क्या भिंतीला बांधलेले ताण, हे दोन्ही हवेत. बांबू ओला असेल तर सुकताना आकसतो आणि काथ्याची गाठ ढिली पडते, म्हणून रोज सकाळी प्रत्येक गाठ हाताने ओढून बघायची. बाहेरच्या बाजूला कमरेच्या वर आडवा बांबू बांधला नाही, तर चढूच नये.

शिडीही नीट टेकवावी. चार फूट उंचीला पाय एक फूट बाहेर, आणि वरचं टोक फळीच्या तीन फूट वर, म्हणजे उतरताना धरायला काही राहतं.

गल्लीतल्या विजेच्या तारांकडे बांधण्याआधी बघायचं. भाड्याचा वीस फुटी लोखंडी पाइप आडवा असताना निरुपद्रवी दिसतो. उभा करताना त्याचं टोक कुठवर फिरतं याचा अंदाज चुकतो. तार जवळ असेल तर हेस्कॉमला सांगून लाइन बंद करून घ्यावी.

काम संपल्यावर पाइप परत करायची घाई होते, भाडं चढत असतं ना! तरी खालचे ताण आधी सोडायचे नाहीत. वरच्या फळ्या, मग वरचे वासे, असं टप्प्याटप्प्यानं उतरायचं, आणि वरून काहीही फेकायचं नाही, दोरीनं सोडायचं. त्या वेळी पोरांना परसात येऊ देऊ नये.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा