डॉमिनार कोकणासाठी तयार करताना

लांब पल्ल्याची गाडी घेतली की पहिले पैसे जातात सायलेन्सरवर. मग मनगटं, पाठ आणि बूड तक्रार करू लागतात, तोवर खिसा रिकामा झालेला असतो. म्हणून इथे क्रम वेगळा लावला आहे: आधी शरीर, मग टायर आणि चेन, मग वायरिंग, शेवटी सामान. इंजिनाला हातच लावायचा नाही.

उदाहरण म्हणून बजाजची डॉमिनार 400 घेतली आहे. ती चाकणला बनते, डिसेंबर 2016 मध्ये बाजारात आली आणि 2019 मध्ये तिला 40 पीएसचं इंजिन व पुढचे उलटे शॉकअप मिळाले. 2021 पासून उंच विंडस्क्रीन, हँडगार्ड, मागचं कॅरिअर आणि यूएसबी सॉकेट कंपनीच लावून देऊ लागली, त्यामुळे निम्मी खरेदी आपोआप वाचते. निंजा 1000 असो की आणखी कुठली स्पोर्ट-टूरर, पद्धत हीच; आकडे मात्र त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधले घ्या. रस्ता धरला आहे पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धन आणि तिथून सागरी मार्गाने मालवण, मागे एक माणूस आणि दोघांचं सामान.

शरीर

काहीही विकत घेण्याआधी गाडी आहे तशी एक दिवसभर चालवा. वाई, महाबळेश्वर आणि परत एवढं पुरे. प्रत्येक चहाला थांबलात की काय दुखतंय ते लिहून ठेवा. ही यादी दुकानदाराच्या यादीपेक्षा जवळजवळ नेहमीच लहान असते.

मनगट दुखत असेल तर हँडल बदलायची घाई नको. आधी लिव्हर बघा. गाडीवर नेहमीसारखं बसा, डोळे मिटा, हात सरळ पुढे नेऊन बोटं लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा यायला हवी. मनगट वर मुडपत असेल तर लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून लिव्हर किंचित खाली फिरवा. याला खर्च शून्य, आणि बहुतेकांचं दुखणं इथेच थांबतं. तरीही हँडल उंच करणारे रायझर लावलेच, तर इंजिन सुरू ठेवून, गिअर न्यूट्रलला ठेवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहा. इंजिनाचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय असं समजा. ब्रेकचा होज ताणलेला दिसला तरी रायझर काढून टाका. घाटात यू-टर्न घेताना गाडी आपोआप पळणं परवडणार नाही.

वारा हा या गाड्यांचा मूळ विषय. 1976 च्या बीएमडब्ल्यू आर 100 आरएसचं फेअरिंग विंड टनेलमध्ये घडवलं होतं, आणि आजच्या स्पोर्ट-टूररची सुरुवात अनेकजण तिथूनच मानतात. पण काच जितकी उंच तितकी चांगली, हे खरं नाही. काचेच्या कडेवरून उसळलेला वारा नेमका हेल्मेटवर आदळला तर डोकं हलत राहतं आणि कान बधिर होतात. मोकळ्या सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात मान थोडी उंचावून, मग थोडी झुकवून पाहा. वर शांत वाटत असेल तर काच बुटकी हवी. खाली शांत वाटत असेल तर उंच.

मागचा शॉकअप हा सर्वात दुर्लक्षित भाग. मागे माणूस आणि बॅगा चढल्या की गाडी मागून बसते, हँडल हलकं लागतं आणि दिवा झाडांच्या शेंड्यांवर पडतो. मोजायची रीत सोपी आहे, फक्त दोन मदतनीस लागतात. एकाने हँडल धरावं, दुसऱ्याने गाडी मागून उचलावी, चाकावरचं वजन निघेल इतकीच. ॲक्सलपासून बरोबर वर, शेपटीवरच्या एखाद्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग सगळं सामान आणि दोघं जण बसून तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावा. डॉमिनारला ही हालचाल 110 मिलिमीटर आहे, म्हणजे 35 ते 40 मिलिमीटर फरक ठीक. जास्त आला तर सी स्पॅनरने प्रीलोड एकेक खाच वाढवा आणि पुन्हा मोजा. शेवटी भरलेली गाडी भिंतीसमोर उभी करून दिवा तपासा: डिपरचा झोत दिव्याच्या उंचीपेक्षा खालीच पडला पाहिजे. एकटे जाणार असाल तेव्हा खाचा परत कमी करायला विसरू नका.

टायर आणि चेन

टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. 2323 म्हणजे 2023 सालचा तेविसावा आठवडा. खाचा भरपूर शिल्लक असूनही रबर जुनं, कडक झालं असेल तर ओल्या घाटात ते धरत नाही. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. मागे माणूस असताना मागच्या चाकाला किती हवा, हे मॅन्युअलमध्ये वेगळं दिलेलं असतं. रिमला सोसतो त्यापेक्षा रुंद टायर चढवून गाडी देखणी होते, पण वळणात जड होते. डॉमिनारला मागे 150 पुरेसा आहे.

चेन मात्र नीट, बसून करायचं काम.

गाडी पॅडॉक स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणारे लोक दिसतात. स्प्रॉकेटमध्ये फडकं अडकलं की मागोमाग बोट जातं. चाक हातानेच फिरवा. चेन क्लीनर किंवा रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा. पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही टाळा, कारण या चेनच्या प्रत्येक कडीत रबराची बारीक रिंग असते आणि आतलं ग्रीस तीच राखते. रिंग गेली की वरून कितीही तेल ओता, आत पोचत नाही. पुसून, वाळवून मग चेनच्या आतल्या बाजूला ल्यूब मारा. चाक फिरताना ते आपोआप बाहेरच्या बाजूला सरकतं. चेन कोमट असताना, म्हणजे गाडी चालवून आल्यावर मारलेलं ल्यूब चांगलं मुरतं. निघायच्या क्षणी मारलं तर अर्धं मागच्या रिमवर उडतं.

ढील मोजताना चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सर्वात घट्ट आहे तिथला आकडा धरा, नाहीतर सैल जागी बरोबर बसवलेली चेन घट्ट जागी गिअरबॉक्सचा बेअरिंग ओढत राहते. ॲक्सलचा नट सैल करा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा, स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडे जुळवा, नट टॉर्क पान्याने आवळा आणि ढील पुन्हा मोजा. आवळताना ती बदलते. शंका असेल तर किंचित सैल बरी, घट्ट नको. आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले दिसले तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर संपते.

वायरिंग

जास्तीचे दिवे लावायचे तर रिले आणि फ्यूज हवाच, फ्यूज बॅटरीच्या जवळ. हिशोब शाळेतला आहे: 40 वॉटचे दिवे 12 व्होल्टवर सुमारे 3.3 अँपिअर घेतात, म्हणजे 5 अँपिअरचा फ्यूज. वायर कापून थेट हेडलाइटला जोडणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करून पुढच्या गॅरेजमध्ये जा. समोरून गाडी आली की हे दिवे बंद करायचे, त्यामुळे स्विच अंगठ्याजवळच असू द्या. मोबाइल हँडलवर लावणार असाल तर कंपन शोषणारा माउंट घ्या. मोटारसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने 2021 मध्येच दिला आहे.

कशाला हात लावू नये

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. कलम 182-अ मध्ये मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलं आहे. शिवाय आठ तास कानाजवळ गुरगुरणारा पाइप कोकणातल्या झोपलेल्या वाड्यांना नको असतो आणि खरं सांगायचं तर चालवणाऱ्यालाही संध्याकाळी नको होतो. इंजिनाचा मॅप बदलूनही घाटात काही मिनिटं वाचत नाहीत. लावलेल्या महागड्या वस्तूंची नोंद विमा कंपनीकडे करा.

सामान आणि रस्ता

जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे साइड बॅगांच्या तळाशी. मागच्या उंच बॅगेत कपडे. डावी-उजवी बॅग हाताने उचलून वजन सारखं करा. सायलेन्सरच्या बाजूची बॅग सायलेन्सरला टेकत नाही ना, हे मागचा माणूस बसल्यावर बघा, रिकाम्या गाडीवर नाही. लवचिक हुकांपेक्षा बकलचे पट्टे बरे, आणि पट्ट्यांची उरलेली टोकं गुंडाळून बांधा. लोंबतं टोक चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जॅम होतं.

टाकी 13 लिटरची. लिटरमागे 25 किलोमीटर धरले तरी 325 होतात, पण सागरी मार्गावर पंप दूर दूर आहेत, तेव्हा 200 झाले की भरून घ्या.

मुंबईकरांसाठी: अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, एक्सप्रेस-वेवर आणि समृद्धीवरही नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो दुचाकी घेते. पुढे मुरूड, आगरदांड्याहून दिघीची जेट्टी आणि श्रीवर्धन. तिथून सगळेच एका वाटेला लागतात: बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा तीन खाड्या बोटीने ओलांडायच्या.

बोटीचा लोखंडी रॅम्प नेहमी ओला आणि बहुधा शेवाळलेला असतो. मागच्या माणसाला आधीच उतरवा. पहिल्या गिअरमध्ये, पुढचा ब्रेक न दाबता, सरळ रेषेत चढा. रॅम्पवर हँडल वळवू नका. आत गेल्यावर गिअरमध्ये ठेवून साइड स्टँड लावा आणि खाडी पार होईपर्यंत गाडी धरून उभे राहा.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारा ब्रेक तापवून बसतो. आंधळ्या वळणावर एसटीला पूर्ण रस्ता लागणार हे गृहीत धरा, डावीकडेच राहा आणि हॉर्न द्या. जांभ्याच्या चिऱ्यांचे ट्रक जातात तिथे वळणावर लाल खडी सांडलेली असते, आणि पहिल्या पावसात तीच साबणासारखी होते.

गाडी वाळूत नेऊ नका. फोटोसाठीसुद्धा नाही. ओल्या वाळूत साइड स्टँड खचतो, आणि खारं पाणी ब्रेकच्या पिनांत आणि चेनच्या कड्यांत शिरतं. परतल्यावर गाडी गोड्या पाण्याने, पाइपचा जोर कमी ठेवून धुवा, वाळवा, चेनला ल्यूब द्या आणि नव्याने लावलेला प्रत्येक बोल्ट पान्याने तपासा. हे काम त्याच संध्याकाळी करा. रविवारपर्यंत थांबलात तर चेनवर तांबूस गंज धरलेला असेल.